करवंद : डोंगरची काळी मैना

सह्याद्रीच्या उतारांवर आणि कोकणच्या कातळावर आपोआप वाढणाऱ्या काटेरी झुडुपाचे फळ म्हणजे करवंद. संस्कृतात त्याला करमर्दक म्हणतात. शहरवासीयांना ते पानांच्या द्रोणात विकत मिळते. मात्र ते स्वतः तोडून खायचे, तर झुडूप नेमके ओळखता येणे आवश्यक ठरते.

करवंदीची पाने जाड, चकचकीत, लंबगोल आणि समोरासमोर असतात. काटे ताठ व कणखर. पुष्कळदा टोकाशी दुभागलेले. फुले पांढरी, सुवासिक, चांदणीसारखी. घोसाने लागणारी हिरवी फळे वैशाख-ज्येष्ठात लालसर होत अखेर काळी पडतात. फळ चावून आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा मुलांचा जुना खेळ. पावसाचे पाणी लागलेली फळे जाणकार सहसा खात नाहीत.

कच्चे फळ तोडताच पांढरा चीक येतो. चीक दिसला म्हणजे करवंदच, असे समजणे मात्र धोक्याचे आहे. करवंद कण्हेरीच्या कुळातील असून, बागांत शोभेसाठी लावली जाणारी पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, त्याच कुळातली. तिलाही तसाच चीक येतो आणि तिचेही फळ पिकल्यावर काळे पडते. ही वनस्पती सर्वांगाने विषारी आहे. विशेषतः तिचे बी हृदयाची क्रिया बिघडवते व प्राणघातक ठरू शकते. बिट्टीला काटे नसतात, पाने लांब व अरुंद असतात आणि फळात एकच मोठी, कठीण बी असते. करवंदात लहान, चपट्या बिया अनेक असतात. चुकून बिट्टी खाल्ली गेल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. झाडाची डहाळी सोबत न्यावी.

राष्ट्रीय उद्यानातून फळे गोळा करण्यावर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निर्बंध आहेत. वनहक्क कायद्याने (२००६) गौण वनोपजावरील हक्क आदिवासी व अन्य पारंपरिक वननिवासींना मान्य केला आहे. करवंदांच्या विक्रीवर कातकरी, ठाकर स्त्रियांची उन्हाळ्यातील मिळकत काही अंशी अवलंबून असते; सहलीला आलेल्यांनी फांद्याच मोडून नेणे म्हणूनच अधिक गैर.

कच्च्या करवंदांचे लोणचे घालताना देठ काढून फळे मिठाच्या पाण्यात ठेवली, की चीक निघून जातो. पिकलेली करवंदे फार टिकत नाहीत. ती आणल्या दिवशीच खावीत.