प्रौढांची परीक्षा, अभ्यासक्रम पाचवीचा

नवी दिल्ली : स्टार प्लस वाहिनीवर 25 एप्रिल 2008 रोजी सुरू झालेला ‘क्या आप पांचवी पास से तेज हैं?’ हा हिंदी कार्यक्रम प्रौढ स्पर्धकांना पहिली ते पाचवीच्या अभ्यासक्रमावरील प्रश्न विचारणारा होता. सर्वोच्च बक्षीस 5 कोटी रुपयांचे होते आणि सूत्रसंचालन मूळचे दिल्लीकर असलेले अभिनेते शाहरुख खान यांच्याकडे होते.

मूळ कार्यक्रम अमेरिकेतील फॉक्स वाहिनीचा असून तो 27 फेब्रुवारी 2007 रोजी सुरू झाला. स्पर्धकाशेजारी शाळकरी मुले बसतात आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर स्वतंत्रपणे नोंदवतात. अडलेल्या स्पर्धकाला मुलाच्या उत्तरात डोकावता येते किंवा ते न पाहताच स्वीकारता येते. स्वतःचे उत्तर चुकले आणि मुलाचे बरोबर असले, तर तो एकदा बचावतो. शाळेत ज्याला शिक्षा होते, ती नक्कल येथे नियमात बसते. हरलेल्या किंवा खेळ सोडणाऱ्या स्पर्धकाला मात्र आपण पाचवीच्या मुलापेक्षा हुशार नसल्याची जाहीर कबुली द्यावी लागते.

भारतीय आवृत्तीची निर्मिती सिद्धार्थ बसू यांच्या संस्थेने केली. दूरदर्शनवर 1985 मध्ये सुरू झालेल्या ‘क्विझ टाइम’मुळे बसू देशभर परिचित झाले होते. त्या कार्यक्रमात महाविद्यालयीन संघ उतरत आणि बहुश्रुततेला मान मिळे. पुढे त्यांच्याच संस्थेने घडविलेल्या ‘कौन बनेगा करोडपती’त 2000 साली पहिले एक कोटी रुपये जिंकणारे मुंबईचे हर्षवर्धन नवाथे लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करीत होते. तेथे कौतुक माहिती असण्याचे होते. 2008 च्या कार्यक्रमात गंमत विसरण्याची होती.

हे विसरणे बुद्धीचे उणेपण मानणे मात्र अन्यायाचे ठरेल. समकोनाची व्याख्या किंवा पर्णरंध्रांचे कार्य पाचवीच्या मुलाला आठवते, कारण त्याची चाचणी जवळ आलेली असते. बँकेत काम करणाऱ्या त्याच्या वडिलांना त्याची गरज वर्षानुवर्षे पडत नाही. अमेरिकेत दहा लाख डॉलर जिंकणारे पहिले दोघे या दृष्टीने लक्षणीय आहेत. 2008 मधील विजेत्या कॅथी कॉक्स जॉर्जिया राज्याच्या शालेय शिक्षण विभागाच्या प्रमुख होत्या. 2009 मधील विजेते जॉर्ज स्मूट हे भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी होते.

दिल्लीस्थित ‘एनसीईआरटी’ने तयार केलेल्या 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घोकंपट्टी सोडून शाळेतील ज्ञान बाहेरच्या जगण्याशी जोडण्याचा आग्रह धरला होता. त्यानुसार नवी पाठ्यपुस्तके वर्गात पोहोचत असतानाच दूरचित्रवाणीवर झटपट आठवणाऱ्यांची स्पर्धा सुरू होती.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी, 18 एप्रिलला, आयपीएलचे पहिले पर्व सुरू झाले होते. शाहरुख खान यांचा स्वतःचा कोलकाता संघही त्यात खेळत होता. कार्यक्रमाला अपेक्षित प्रेक्षकवर्ग लाभला नाही आणि जुलै 2008 अखेरीस तो संपला.

पडद्यावरील चुणचुणीत मुलांच्या तुलनेत देशातील पाचवीचे चित्र वेगळे होते. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीनुसार 2008 मध्ये ग्रामीण भागातील पाचवीच्या सुमारे 56 टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत होता. 2024 च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे 49 टक्के आढळले.