लढाईचा फोटो

१२. ‘मऊरानीपुरात पाहिलेला १८५८च्या लढाईचा फोटो’ : मऊरानीपूर हे झाशीच्या आग्नेयेस सुमारे ६५ किमीवरचे तालुक्याचे गाव. लेखकाने तिथे जुना फोटो जरूर पाहिला असेल. पण तो प्रत्यक्ष लढाईचा असणे शक्य नाही. त्या काळी काचेवर रसायन ओतून, ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवावा लागे. काच काही सेकंद उघडी राही. तेवढ्यात घोडा दौडला तर नुसता पांढुरका फराटा उमटे. म्हणून घरची मंडळी खुर्चीच्या हातावर बोटे आवळून बसत, शिपाईही बंदूक टेकवून ताठ उभे राहत. फेलिचे बेआतो याने लखनौच्या सिकंदर बागेचा प्रसिद्ध फोटो घेतला तोही १८५८ साली, तिथली लढाई संपून काही महिने उलटल्यावर. झाशीच्या वेढ्याचे डोळ्यांदेखतचे मराठी चित्र हवे असेल, तर ते शब्दांतच सापडते : त्या वेळी शहरात अडकलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये. हे पुस्तक १९०७ साली छापले गेले. — संपा.