गुणपत्रिका आणि वैद्यकशाळेचे दार

आपल्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात मानपत्र स्वीकारणाऱ्या मुलामुलींचे फुललेले चेहरे पाहून कोणाही समाजबांधवास धन्यता वाटते. परंतु त्याच मांडवात मागच्या रांगेत काही मातापिता मान खाली घालून बसलेले असतात. त्यांच्या पाल्याने डॉक्टर होण्याचा ध्यास घेतलेला असतो, आणि गुणपत्रिकेने त्यास दगा दिलेला असतो. चौतीस वर्षे मास्तरकी केल्यामुळे अशी कुटुंबे माझ्या दारी येतात. त्यांच्यासाठी या विषयाचा थोडा इतिहास सांगावा, असे मनात आले.

आमच्या बालपणी वरुडात एक वृद्ध डॉक्टर होते. त्यांच्या पाटीवर नावापुढे ‘एल. एम. पी.’ अशी अक्षरे होती. रंगीत औषधाच्या बाटलीवर मात्रेच्या खुणा दाखविणारी कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून ते देत, आणि पैशाचा तगादा क्वचितच लावीत. ती तीन अक्षरे पदवीची नव्हेत, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले.

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली निघाले, परंतु वऱ्हाडच्या शेतकऱ्यास मुंबई फार दूर होती. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला आणि आपली तोंडे नागपूरकडे वळली. तेथे १९१४ साली रॉबर्टसन मेडिकल स्कूल स्थापन झाले. कॉलेजच्या पदवीसाठी इंटर सायन्सची पायरी चढावी लागे, तर या स्कुलांत मॅट्रिक झालेल्या मुलास प्रवेश मिळे. साधारण चार वर्षांचा अभ्यास करून तो वैद्यकीचा परवाना घेऊन बाहेर पडे. ज्यांची बुद्धी मध्यम, किंवा बुद्धी तल्लख पण घरची स्थिती बेताची, अशांसाठी हे दार होते. एकाच विद्येला एक उंच आणि एक ठेंगणे, अशी दोन दारे होती म्हणा ना!

या ठेंगण्या दारातून आलेल्यांची उपेक्षाही झाली. १९३३ च्या कायद्याने मेडिकल कौन्सिल स्थापन झाले, तेव्हा त्याच्या कक्षेत पदवीधरच घेतले, परवानाधारकांस वगळले. मात्र १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला, त्यातील आकडे बोलके आहेत. देशातील सुमारे सत्तेचाळीस हजार नोंदणीकृत डॉक्टरांपैकी तीस हजारांच्या आसपास हे परवानाधारकच होते! तरीही देशात एकच दर्जाचा डॉक्टर असावा, असे त्या समितीच्या बहुमताने ठरविले. काही सभासदांचे मत निराळे होते. पुढे हे शिक्षण क्रमाक्रमाने बंद झाले, आणि नागपुरास १९४७ साली मेडिकल कॉलेज आले. दर्जा वाढला हे खरे. पण खेड्यात जाऊन राहणारा डॉक्टर त्याबरोबर गेला, असे माझे मत आहे. त्याबद्दल विद्वानांनी मला क्षमा करावी.

ज्यांच्यापाशी दाखवावयास गुणच नव्हते, त्यांचे उदाहरण तर सर्वांस ठाऊक आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा होते, आणि त्यांनी कोणतीही शालान्त परीक्षा दिलेली नव्हती. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयास त्यांनी पत्र लिहिले. प्रवेशाच्या सर्व अटी आपल्याकडून पुऱ्या होतीलच असे नाही, हे त्यांनी त्यात लपविले नाही. आपले प्रकरण अपवादात्मक मानावे, एवढीच विनंती केली. ती मान्य झाली, आणि १८८६ साली त्या एम. डी. झाल्या.

अलीकडचे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढले. तेथील स्वतंत्र प्रवेशपरीक्षेत विज्ञानाबरोबर गांधीविचारांचाही पेपर असे. ‘नीट’ सर्वत्र लागू झाल्यावर ती पद्धत राहिली नाही.

१९८३ नंतर वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत विनाअनुदान महाविद्यालयांस वाट मिळाली. अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय १९८४ साली निघाले. या धोरणामुळे जागा वाढल्या, त्याबरोबर राज्यात देणगीचा बाजारही वाढला. म्हणूनच सरकारला १९८७ चा देणगीबंदी कायदा करावा लागला.

आता पालकांची जेथे हटकून फसगत होते, त्या गोष्टीकडे वळतो. ‘नीट’मध्ये खुल्या वर्गास पन्नास पर्सेंटाइल लागतात. हे पन्नास टक्के गुण नव्हेत. निम्म्या परीक्षार्थींच्या खाली नसणे, एवढाच त्याचा अर्थ. २०२२ साली ही रेषा ७२० पैकी ११७ गुणांवर आली, म्हणजे शेकडा सव्वासोळा! २०२३ साली ती १३७ वर होती. या रेषेवरील विद्यार्थी ‘पात्र’ ठरतो, परंतु सरकारी जागा त्याच्यापासून कोसभर दूर असते. लाखांच्या घरात वार्षिक फी असलेली खाजगी जागाच काय ती उरते. अशा रीतीने पूर्वीचे ठेंगणे दार पुन्हा उघडले आहे. फरक इतकाच की, त्या वेळी तेथे गरिबाचा मुलगा वाकून आत जाई, आता थैली असलेला जातो. साडेचारशे गुणांचा मजुराचा मुलगा बाहेर उभा राहतो.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी ‘पात्र’ या एका शब्दावर विसंबून दलालास पैसे दिले. त्यासाठी संत्र्याचा फळता बगीचा गहाण टाकला. मुलगा कोठेच लागला नाही. पुढे त्याने औषधनिर्माणशास्त्र शिकून दुकान थाटले आणि तो बगीचा सोडविला, हे सांगताना मला अभिमान वाटतो. पण त्या पाच वर्षांत त्याच्या आईने हातातल्या पाटल्या विकल्या, हेही मी पाहिले आहे.

२०२४ साली अमरावतीस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीस माझी एक नम्र सूचना आहे. गुणगौरवाच्या अर्जासोबत प्रत्येक पालकास एक छापील पत्रक द्यावे. त्यात मागील तीन वर्षांत सरकारी व खाजगी जागा प्रत्यक्षात किती गुणांवर मिळाल्या, त्यांची फी किती, आणि शुल्कसवलतीचा अर्ज कोठे करावा, एवढेच असावे. लेखनाचे काम मी आनंदाने करीन. छपाईचा खर्च तेवढा मंडळाने सोसावा.