मामांच्या फियाटची बखर

इतिहास शिकविणाऱ्या माणसाने मोटारगाडीवर लेख लिहावा, हे आमच्या शिक्षकांच्या खोलीत कुणाला फारसे रुचले नाही. "सर, यंदा शिवकाल सोडून गॅरेजमध्ये शिरलात की काय?" असे एका सहकाऱ्याने विचारलेही. पण वाचकहो, माझ्यापुढे अस्सल कागदपत्रे आली होती, आणि अस्सल कागद दिसला की इतिहासाच्या विद्यार्थ्याचा हात आपोआप चष्म्याकडे जातो. कागद होते माझ्या मामांचे: लाल कापडी बांधणीच्या तीन वह्या. विषय होता त्यांची १९६९ सालची फियाट.

मामा करजणला डॉक्टर होते. बडोद्याहून भरूचकडे निघाले की महामार्गावर हे तालुक्याचे गाव लागते. काळी जमीन, कपाशीची शेते, जिनिंगचे कारखाने. १९४९ पर्यंत हा मुलूख बडोदे संस्थानात होता, आणि मामांचे आजोबा त्याच संस्थानच्या चाकरीत साताऱ्याकडून इकडे आले. घरात मराठी, दारात गुजराती, अशी ती मंडळी. शाळेला सुटी लागली की मी नंदुरबारहून करजणला जात असे. १९८८ साली, अठरा पुरे झाल्यावर, मोटार चालवायला मी तेथेच शिकलो.

मामा २०१९ साली गेले. त्यानंतर गाडी अंगणातल्या पत्र्याखाली उभीच होती. गेल्या वर्षी मामेभावाचा फोन आला, "दादा, भंगारवाला येऊन गेला. वजनावर भाव करतोय. मला काही सुचत नाही. तुम्ही एकदा या." मी गेलो. गाडी पाहण्याआधी त्याने माझ्यापुढे त्या वह्या ठेवल्या.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगतो. करजणला वाहनांचा इतिहास नवा नाही. येथले स्टेशन मियागाम-करजण. खंडेराव महाराज गायकवाडांच्या कारकीर्दीत, १८६२ साली, डभोई ते मियागाम असा अरुंद रुळांचा लोहमार्ग सुरू झाला. भारतातील अरुंदमापी रेल्वेचा हा आरंभ, आणि सुरुवातीला त्या रुळांवरून गाड्या ओढीत ते बैल! वाफेचे इंजिन पुढे आले. नवे यंत्र आले तरी जुना भरवसा लगेच सुटत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला वर्गात आजवर सापडलेले नाही.

दुसरी गोष्ट अशी. आपल्या देशातील ॲम्बॅसडर गाडीचे नाव बंगालमधल्या उत्तरपाड्याशी जोडलेले आहे. पण ती काढणाऱ्या हिंदुस्थान मोटर्सचा जन्म १९४२ साली ओखा बंदरात झाला, आणि ओखामंडळ तेव्हा बडोदे संस्थानचाच भाग होता. कारखाना १९४८ साली उत्तरपाड्यास गेला. तिकडे आमच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज, प्लिमथ या अमेरिकन गाड्यांची जुळणी होऊ लागली. वालचंदांचे निधन १९५३ साली झाले. त्याच सुमारास सरकारने धोरण ठरविले की, ज्यांना येथे टप्प्याटप्प्याने सुटे भाग बनवायचे असतील त्यांनीच राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियरने इटलीच्या फियाटशी करार करून ११०० ही गाडी काढली. तिच्या पहिल्या अवताराला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' म्हटले. १९६४ साली 'डिलाइट' आली. पुढे सत्तरीच्या दशकात 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि लगेच 'प्रीमियर पद्मिनी' अशी नावे बदलली, गाडी मात्र मूळचीच राहिली.

म्हणजे पाहा, १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० येईपर्यंत सामान्य माणसापुढे पर्याय जवळजवळ तीनच: ॲम्बॅसडर, फियाट, आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. त्यांतही नंबर लावून थांबायचे. मामांनी १९६४ साली नाव नोंदवले आणि गाडी दारात आली १९६९ साली. मधल्या पाच वर्षांत त्यांची दोन मुले जन्मली. मामी म्हणत, "तिसरं बाळंतपण गाडीचं!"

आता वह्यांविषयी. डाव्या पानावर तारीख, मीटरचा आकडा, पेट्रोल किती लिटर. उजव्या पानावर काम काय केले, कुणी केले, पैसे किती लागले. कुठे एक विशेषण नाही. मी दोन दिवस बसून त्या वाचल्या. आणि एक गोष्ट मोजली, जी डॉक्टरच्या गाडीबाबत सर्वांत महत्त्वाची: रात्रीच्या व्हिजिटला निघताना गाडी चालू झाली नाही, असे किती वेळा घडले? पन्नास वर्षांत अकरा वेळा. त्यांत सात वेळा बॅटरी उतरलेली, दोनदा पावसाने पॉइंट ओले झालेले, आणि दोनदा टाकीत पेट्रोलच नव्हते. या शेवटच्या दोन नोंदींपुढे मामांनी लिहिले आहे: "दोष माझा."

हा आकडा वाचून मामेभाऊ म्हणाला, "पाहा, त्या काळी माल कसा टिकाऊ असायचा!" मी त्याला थांबविले. कारण उजव्या पानांची साक्ष निराळी होती. दर काही हजार किलोमीटरला पॉइंट घासणे, व्हॉल्व्हची फट जुळविणे, कार्बोरेटर साफ करणे. पुढच्या सस्पेन्शनला ग्रीस. ब्रेकचे लायनर. दोनदा बोअर केलेले इंजिन. १९८६ साली तर तिसऱ्यांदा बोअर करण्याइतके ब्लॉकात काही उरलेच नाही, तेव्हा अपघातात मोडलेल्या एका पद्मिनीचे इंजिन आणून बसविले. तेच १०८९ सीसी, त्याच जागी त्याच बोल्टांवर बसले, आर.सी. बुकात रीतसर नोंद झाली. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाविरहित पेट्रोल आले. जुन्या इंजिनांत शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठकीचे झिजणे कमी होई, ते संरक्षण गेले. म्हणून पुढच्या वर्षी कठीण धातूच्या बैठका बसविल्या. आजची गाडी वर्षानुवर्षे बॉनेट न उघडता चालते. या गाडीचे बॉनेट महिन्याला उघडावे लागे. तेव्हा गाडी न बिघडणारी होती, हे खरे नव्हे. ती दुरुस्त होणारी होती.

या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे, आणि ते मला स्वतःला फार आधी कळायला हवे होते. १९९१ च्या मे महिन्यात मामांनी मला गाडी देऊन आईला नंदुरबारला पोचवायला सांगितले. निघताना म्हणाले, "पंख्याचा पट्टा बघून घे रे." मी "हो" म्हटले आणि पाहिला नाही. भरूचचा १८८१ सालचा सोनेरी पूल ओलांडला, अंकलेश्वर गेले, नेत्रंग मागे पडले. गाडी काय सुरेख चालली होती! स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर मनगटाने पाडावा, तिकोनी काच वळवून वारा अंगावर घ्यावा, आणि पुढच्या सलग बाकावर आईने डबा उघडून मला घास भरवावा. ॲम्बॅसडर हत्तीसारखी, खड्डा तिला कळत नाही, पण वळायला अंगण लागते. फियाट तशी नव्हे. ती हलकी, चटकन वळणारी, गिअर मऊ. पहिला गिअर मात्र गाडी पूर्ण थांबल्यावाचून टाकायचा नाही, नाहीतर दाते ओरडत. चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, तेव्हा उतारावर गिअर खाली घेऊनच उतरायचे. रस्ता पाहून, कान देऊन चालवावी लागे.

देडियापाड्याच्या अलीकडच्या चढावर पट्टा तुटला. काट्याकडे माझे लक्षच नव्हते. वाफ दिसली तेव्हा गाडी थांबविली आणि घाईने रेडिएटरचे झाकण उघडले. उकळते पाणी उजव्या हातावर आले. मनगटाजवळचा डाग आजही फळ्यावर लिहिताना मुलांना दिसतो. एका वसावा शेतकऱ्याने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून पट्ट्याच्या जागी गाठ मारून दिली. इंजिन निवल्यावर त्याच्याच विहिरीचे पाणी घालून, दर चार-पाच मैलांवर थांबत आम्ही सागबारा, अक्कलकुवा करीत रात्री उशिरा घरी पोचलो. मामांच्या वहीत त्या दिवसापुढे एवढेच आहे: "पट्टा नवीन. भाच्याचा हात भाजला." मला ते कधी एका शब्दाने बोलले नाहीत.

तेव्हा विश्वासार्हता कशाला म्हणायचे? माझ्या मते तिचे तीन आधार होते. पहिला, यंत्र साधे होते. जे बिघडे ते डोळ्यांना दिसे. दुसरा, मालक सावध होता. आणि तिसरा आधार, जो आपण विसरतो, तो म्हणजे ती गाडी एकटी नव्हती. मुंबईत याच जातीच्या हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्स्या रोज धावत होत्या. त्यांच्यासाठी कुर्ल्यात सुटे भाग मिळत, कारागीर तयार होत, आणि त्या व्यवस्थेवर करजणच्या डॉक्टरची गाडीही जगत होती. पद्मिनीचे उत्पादन एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या रस्त्यावरून गेल्या. मामांच्या तिसऱ्या वहीत हे उतरलेले दिसते. "भाग मिळाला नाही", "जुनाच घासून लावला" अशा नोंदी वाढत जातात.

आणि जुन्याचे गोडवे गाताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या गाडीत सीटबेल्ट नव्हते. धूर होता. पाच वर्षे वाट पाहावी लागे ती गाडी अमोल होती म्हणून नव्हे, तर दुसरी मिळत नव्हती म्हणून. टंचाईतून आलेल्या काटकसरीला आपण पुष्कळदा संस्कार म्हणतो. मामा तसे म्हणत नसत. माझ्या मामेबहिणीने मारुती घेतली तेव्हा ते तीत बसून आले आणि म्हणाले, "ही मला आधी मिळाली असती तर चार तास जास्त झोपलो असतो."

मग प्रश्न उरला, गाडीचे करायचे काय? १३ ऑगस्ट २०२१ रोजी गांधीनगरच्या परिषदेत जुनी वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. त्याच वर्षी पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी 'व्हिंटेज' अशी वेगळी नोंदणीही आली. मामेभावाला वाटले, चला, सुटलो. पण त्या नियमाची अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्यात मोठा फेरबदल झालेला नसावा. शिवाय ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, फेरी, देखभाल एवढ्यापुरतीच. २०२३ च्या जानेवारीत बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यावर जुन्या गाड्यांचा मोठा सोहळा झाला. तशा राजेरजवाड्यांच्या गाड्यांना तो नियम शोभतो. मामांच्या गाडीचे इंजिन मात्र दुसरीचे, दोन दारे बदललेली, रंग तिसरा. ज्या दुरुस्त्यांनी ती जगली, त्याच दुरुस्त्यांमुळे ती 'जुनी' ठरेना!

मला तेव्हा 'मिलिंदप्रश्ना'तील नागसेन आठवला. रथातून आलेल्या राजाला तो विचारतो, की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला 'नाही' म्हणतो. तरी रथ आहेच. मामांची फियाट कशात होती? इंजिनात नाही, दारांत नाही. मला वाटते, ती त्या तीन वह्यांत होती.

मामांचा जुना मिस्त्री, ज्याला सगळे उस्ताद म्हणतात, त्याला बोलावणे पाठविले. सत्तरी उलटलेली. त्याने टाकी रिकामी करून धुतली, इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकतील अशा नव्या नळ्या घातल्या, आणि तिसऱ्या दिवशी हँडल मारले. इंजिन खोकले, मग लागले. तो कान लावून उभा राहिला आणि मला म्हणाला, "साहेब, आ गाडी बोले छे. सांभळवुं जोईए."

आम्ही साध्या नोंदणीचाच मार्ग धरला. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी १०,००० झाले. मामेभावाने थोडी कुरकुर करून पैसे भरले. तपासणीत पहिल्यांदा दिव्यांच्या झोतावरून गाडी परत आली. दुसऱ्यांदा पास झाली. पाच वर्षांची मुदत मिळाली. त्यानंतर भाग मिळतील का, उस्ताद असेल का, हे मी सांगू शकत नाही. पाच वर्षांनी भंगारवाल्यालाच बोलवावे लागले, तर त्यातही मला पाप वाटणार नाही. मामांनाही वाटले नसते.

निघताना मामेभावाने चौथी वही आणली. लालच, पण बाजारात कापडी बांधणी मिळाली नाही म्हणून पुठ्ठ्याची. पहिली नोंद मी करावी असा त्याचा आग्रह. मी तारीख घातली, मीटरचा आकडा घातला. मग बॉनेट उघडून, बोटाने दाबून पाहिले, आणि उजव्या पानावर लिहिले: "पंख्याचा पट्टा पाहिला. ठीक आहे."