एकत्र नांदण्याचे गणित

संगणकाचा इतिहास बहुधा शोधांच्या अंगाने लिहिला जातो. तंटे मिटवण्याच्या अंगाने क्वचितच. ‘डेबियन’ या मुक्त प्रणालीचा इतिहास अभ्यासताना मला मात्र तोच धागा महत्त्वाचा वाटला.

इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये या प्रकल्पाची घोषणा केली. लिनक्सवर आधारलेल्या या प्रणालीचे सुटे भाग, म्हणजे पॅकेजेस, जगभर विखुरलेले स्वयंसेवक तयार करत. एक प्रोग्राम दुसऱ्याच्या आधारावर उभा, दुसरा तिसऱ्याच्या. म्हणून प्रत्येक पॅकेजसोबत त्याची माहिती नोंदलेली असे : याला कोण लागते आणि याचे कोणाशी जमत नाही.

या व्यवस्थेची कसोटी लागली ती ‘सी’ लायब्ररी बदलताना. जवळजवळ सगळे प्रोग्राम तिच्यावरच विसंबलेले. ‘लिबसी-५’ जाऊन ‘लिबसी-६’ येणार होती. दोन्ही एका संगणकावर राहू शकत; पण एकाच चालत्या प्रोग्रामात दोन्ही शिरल्या, तर तो कोसळण्याचा धोका असे. दीड हजार पॅकेजेस एका रात्रीत बदलणे अशक्य होते. तेव्हा जुनी आणि नवी लायब्ररी वेगळ्या नावांनी शेजारी ठेवली आणि पॅकेजेस हळूहळू नवीवर बांधून घेतली. जुलै १९९८ च्या ‘हॅम’ आवृत्तीने हे स्थलांतर पार पाडले. पुढच्या वर्षी ‘स्लिंक’ आवृत्तीबरोबर ‘अ‍ॅप्ट’ आले. लागेल ते स्वतः शोधून आणणारे साधन.

पण असा जुळणारा संच दर वेळी चटकन सापडेल? युरोपातील ‘ईडॉस’ प्रकल्पाच्या संशोधकांनी २००६ मधील निबंधात या प्रश्नाचे गणित मांडले. स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये ज्या अवघड प्रश्नांकडे लक्ष वेधले, त्याच कुळातला हा प्रश्न निघाला. समोर ठेवलेला संच तपासणे सोपे. पण तो शोधण्याची, कोणत्याही प्रसंगी झटपट चालेल अशी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही.

नवल पुढेच आहे. त्याच संशोधकांनी प्रत्यक्षातली हजारो पॅकेजेस तपासली, तेव्हा उत्तरे भराभर मिळाली. याचे बरेचसे श्रेय मी त्या स्वयंसेवकांच्या शिस्तीला देतो. ‘याच्याशी जमत नाही’ ही नोंद त्यांनी उगाच केली नाही, आणि शक्य तिथे जुन्या-नव्याला वेगळे नाव देऊन दोघांचीही सोय केली. यांतल्या बहुतेकांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत नाहीत. प्रणाली मात्र त्यांच्याच भरवशावर चालते.