पत्रिकेतलं यवनांचं घर

भडगावहून गिरणेच्या काठाने वरच्या अंगाला गेलं की चाळीसगाव तालुक्यातलं बहाळ लागतं. तिथल्या देवीच्या देवळात शके 1144चा, म्हणजे इ.स. 1222चा संस्कृत शिलालेख आहे. देऊळ बांधणारा अनंतदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी आणि भास्कराचार्यांच्या भावाचा नातू. लेखात त्याने लिहिलेल्या दोन टीकांची नोंद आहे. एक ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथातल्या एका प्रकरणावर आणि दुसरी वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’वर.

ही दुसरी नोंद मला फार मोलाची वाटते. बृहज्जातक हा जन्मपत्रिकेचा ग्रंथ आहे आणि त्यात ग्रीक शब्द ठासून भरलेले आहेत. मेषेला तिथे ‘क्रिय’ असंही नाव आहे, वृषभेला ‘तावुरि’, सिंहेला ‘लेय’, कन्येला ‘पाथोन’. ग्रीकांच्या क्रिओस, टाउरोस, लेओन आणि पार्थेनोस याच. गिरणाकाठचा हा पंडित यवनांचे, म्हणजे ग्रीकांचे, शब्द उलगडून सांगत होता आणि त्याच्या भावाने रचलेल्या प्रशस्तीत त्या कामाचा अभिमानाने उल्लेख झाला.

पत्रिका म्हणून आपण जे बारा घरांचं चित्र काढतो, त्याचं मूळ शोधायचं तर आधी आपल्याकडे काय होतं ते पाहायला हवं. वेदांगज्योतिषात 27 नक्षत्रं आहेत, तिथी आहेत. मेष, वृषभ या बारा राशी नाहीत. चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे एवढं कळलं की काम भागत असे. बारा सारख्या भागांचं राशिचक्र आखलं बाबिलोनच्या पुरोहितांनी. तिथल्या मातीच्या विटांवर लिहिलेल्या जन्मनोंदींत सर्वांत जुन्या इ.स.पू. 410च्या आहेत. त्यांत ग्रह कुठे होते ते आहे, पण क्षितिजावर उगवणारी रास नाही.

मग अलेक्झांडरच्या स्वाऱ्या झाल्या. इ.स.पू. 331मध्ये गौगामेलाच्या लढाईत इराणी सम्राट दारयवहूचा पराभव झाला आणि बाबिलोनचे दरवाजे उघडले. त्याच्या थोडं आधी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाचा पाया घातला गेला होता. या युद्धांनी शहरं जाळली, माणसं गुलाम केली; ते विसरून त्यांचं कौतुक करणं मला पटत नाही. पण बाबिलोनच्या शेकडो वर्षांच्या ग्रहनोंदी ग्रीक भूमितीच्या हाती आल्या त्या याच उलथापालथीत. बेरोसस नावाच्या बाबिलोनी पुरोहिताने कॉस बेटावर जाऊन हे शास्त्र शिकवलं, असं रोमन लेखक विट्रुव्हियस सांगतो. पुढे ग्रीक भाषेच्या इजिप्तमध्ये पत्रिकेला तिचं आजचं रूप आलं. जन्मक्षणी पूर्व क्षितिजावर जी रास उगवते ते पहिलं घर, आणि तिथून पुढे बारा.

हे उगवतं स्थान म्हणजे लग्न. बारा राशी दिवसरात्रीत उगवून जातात, म्हणून एक लग्न सुमारे दोन तास टिकतं. नक्षत्राला दिवस पुरत असे. लग्नाला घटका-पळं लागतात. जन्मवेळेचं एवढं महत्त्व या तंत्राबरोबर आलं. भास्कराचार्यांनी 1150च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त स्थळ आणि वेळ यांवरून लग्न काढण्याचं गणित दिलं आहे. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, तो आपल्याच चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणला. तिथला शके 1128चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865मध्ये अभ्यासकांसमोर आणला.

ग्रीकांकडून खानदेशापर्यंत हे ज्ञान तलवारीने आलं नाही. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर सांगितलं आहे. या वाटेवरचा माल सातमाळा ओलांडत असे, आणि पाटणच्या वरच्या डोंगरातली पितळखोऱ्याची लेणी अशाच वाटेमुळे उभी राहिली असावीत असं मला वाटतं. नाशिकच्या पांडवलेण्यांतलं 17वं लेणं धम्मदेवाचा मुलगा यवन इंद्राग्निदत्त याने कोरवून घेतलं. बाप-लेकांची नावं पाहा, ही माणसं इथलीच झाली होती. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने ग्रहगणिताचा आणि फलिताचा, असे दोन्ही थोर ग्रंथ लिहिले. त्याच्याच भूगोलात पैठण ‘बैठन’ म्हणून येतं, तिथल्या पुळुमावी राजाच्या नावासकट. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत स्फुजिध्वजाचं ‘यवनजातक’ संस्कृतात तयार झालं, आणि सहाव्या शतकात वराहमिहिराने या साऱ्याला शिस्त लावली. यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजलेलं आहे, म्हणून त्यांना ऋषींसारखा मान मिळतो, असं त्याने उघडपणे नोंदवलं. घेतलं ते सांगून घेतलं.

शब्द तर आपल्या तोंडी इतके बसले आहेत की परके वाटतच नाहीत. ग्रीक ‘केंत्रोन’ म्हणजे बैल हाकायच्या पराणीचं टोक. त्यावरून वर्तुळ काढताना रोवायचं टोक, मग वर्तुळाचा मध्य. पत्रिकेतली पहिली, चौथी, सातवी, दहावी ही केंद्रस्थानं याच शब्दाची, आणि जिथे गाड्या लावून कापूस मोजतात ते खरेदी केंद्रही याच शब्दाचं. ‘होरा’ म्हणजे ग्रीक तास. दिवसाचे 24 तास शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने वाटून द्या. शनीपासून सुरू केलं तर पंचविसावा तास रवीचा येतो, म्हणून शनिवारानंतर रविवार. असा वार आपल्या कोरीव लेखांत पहिल्यांदा ठळकपणे दिसतो तो मध्य प्रदेशातल्या एरणला, इ.स. 484मध्ये, एका गुरुवारी. चंद्राच्या दोन्ही बाजूंना ग्रह नसला की भटजी ‘केमद्रुम योग’ म्हणतात. ग्रीकात त्याला ‘केनोद्रोमिया’ म्हणत, म्हणजे रिकामी धाव.

फलित खरं ठरतं असं मी मानत नाही. त्याला शास्त्राचा आधार नाही. पण शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896च्या आपल्या मराठी इतिहासग्रंथात यवनांचा प्रश्न ज्या कसोशीने तपासला, ती कसोशी पत्रिकेच्या वाट्याला अजूनही यायला हवी.

लग्न जुळवताना दोन्ही कुळं एका कागदावर येतात. 36 गुणांपैकी नाडीचे 8, गणाचे 6, योनीचे 4 आणि तारेचे 3 असे 21 गुण नक्षत्रावरून काढतात. ते आपलं जुनं धन. उरलेले 15 राशीवरून. मंगळाचा विषय निघाला की मात्र नक्षत्र मागे पडतं आणि लग्नापासून घरं मोजायला लागतात: पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं. त्यांतलं सातवं जोडीदाराचं, लग्नाच्या बरोबर समोरचं. जुन्या ग्रंथांत त्याचं नाव ‘जामित्र’ आहे. ग्रीक ‘दियामेत्रोन’, म्हणजे व्यास.