दारी आलेल्याचा हक्क : प्रस्तावना

भारतातला निर्वासितविषयक कायदा शिकायला निघालेल्याला पहिला धक्का बसतो, तो असा कायदाच नाही याचा. 1951 च्या जिनिव्हा करारावर आणि 1967 च्या पूरक करारावर भारताची सही नाही. जीव मुठीत धरून आलेला माणूस आणि व्हिसा संपूनही रेंगाळलेला पर्यटक हे दोघेही परकीयांविषयीच्या 1946 च्या कायद्यापुढे सारखेच परकीय होते. 2025 मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला, पण निर्वासिताची व्याख्या त्यातही नाही.

मग आसरा मिळतो कसा? बहुतेक वेळा सरकारच्या मर्जीने. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात 1943 ते 1948 हजारो पोलिश स्त्रिया-मुले राहिली. गोंदिया जिल्ह्यात तिबेटी वसाहत आजही आहे. मर्जी उदार असू शकते (आपल्याकडे ती अनेकदा होतीही), पण ती फिरली तर दाद कुठे मागायची, हा या विषयाचा गाभा.

दाद मिळाली ती न्यायालयात, तुकड्यातुकड्याने. जीविताचा हक्क देणारे घटनेचे कलम 21 नागरिकांपुरते नाही. त्याच आधारावर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल सरकारला तिथल्या चकमा निर्वासितांचे रक्षण करायला बजावले.

2021 चे दोन आदेश मात्र शेजारी ठेवूनच वाचावेत. 8 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने जम्मूतल्या रोहिंग्यांची पाठवणी रोखायला अंतरिम आदेशात नकार दिला. कलम 21 सर्वांचे खरे, पण देशाबाहेर न घालवले जाण्याचा हक्क कलम 19 मधल्या वास्तव्याच्या हक्काला जोडलेला, आणि तो फक्त नागरिकांचा, असे न्यायालय म्हणाले. महिना उलटायच्या आत, 3 मे रोजी, मणिपूर उच्च न्यायालयापुढे म्यानमारच्या लष्करी उठावातून निसटलेले सात जण होते. त्यांत पत्रकार होते, लहान मुलेही होती. प्रवासाची कागदपत्रे नव्हती. जिवाला धोका असलेल्या देशात परत न ढकलण्याचे तत्त्व कलम 21 मध्येच सामावते, असे म्हणून न्यायालयाने त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाकडे, दिल्लीला, जाऊ दिले. माझ्या मते या आदेशाचा युक्तिवाद अधिक भक्कम आहे. वजन मात्र पहिल्याचेच.

नव्या वाचकाने सुरुवात मणिपूरच्या आदेशापासून करावी. कायद्याची पदवी नसली तरी अडणार नाही. माणसे कोण होती, कुठून आणि का आली, हे आधी वाचा, कलमे नंतर.